एकाच माणसाला अमेरिकेने तीनदा नागरिकत्व का दिलं? भगतसिंग थिंड यांची गोष्ट

५ फेब्रुवारी २०२५. अमृतसरच्या विमानतळावर अमेरिकन सैन्याचं एक विमान उतरलं. आत १०४ भारतीय होते. हातात बेड्या, पायात साखळ्या. पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे सगळ्यात जास्त, पण महाराष्ट्रातलेही तिघं होते. पुढचे कित्येक दिवस आपल्या सगळ्यांच्या फीडवर तोच विषय होता. एक गट म्हणत होता, बेकायदा गेले होते तर परत पाठवणारच. दुसरा म्हणत होता, पाठवा की, पण बेड्या कशाला?

त्याच अमृतसर जिल्ह्यातल्या तारागढ गावचा एक पोरगा १९१३ साली अमेरिकेत उतरला होता. रीतसर. पुढे त्याने अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली, अमेरिकेचं नागरिकत्व मिळवलं. ते गेलं. पुन्हा मिळवलं, पुन्हा गेलं. मग तिसऱ्यांदा मिळवलं. त्याची केस थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि तिथल्या निकालाने अमेरिकेतल्या सगळ्याच भारतीयांचं आयुष्य बदलून टाकलं.

नाव भगतसिंग थिंड. आपले शहीद भगतसिंग वेगळे, हे वेगळे. नावामुळे गोंधळ होतो म्हणून आधीच सांगून ठेवलं.

थिंड यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८९२ चा. शिक्षण अमृतसरच्या खालसा कॉलेजात. अमेरिकेतल्या लेखकांची पुस्तकं वाचून त्यांना त्या देशाची ओढ लागली, आणि १९१३ साली ते सिएटलला पोहोचले. तारीख होती ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. सिनेमात असं दाखवलं तर आपण म्हणू, जरा जास्तच झालं.

तेव्हाची अमेरिका भारतीयांसाठी कशी होती? पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया या राज्यांत, काही हजार भारतीय होते. बहुतेक पंजाबी शीख. लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर, शेतात राबायचे. १९०७ साली बेलिंगहॅम नावाच्या गावात गोऱ्या कामगारांच्या जमावाने गिरणीत काम करणाऱ्या भारतीयांना मारहाण करून गावाबाहेर हाकलून दिलं होतं. कारण काय, तर हे लोक कमी पगारात काम करतात आणि आमची कामं पळवतात. शीख असो, मुसलमान असो, सगळ्यांना तिथे सरसकट हिंदूच म्हणायचे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थिंड ओरेगॉनमधल्या अ‍ॅस्टोरियाच्या लाकूड गिरणीत कामाला लागले आणि त्या पैशावर शिकतही राहिले. गदर चळवळीची पायाभरणी झाली ती याच अ‍ॅस्टोरियात, याच १९१३ साली. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही त्याच काळात याच पट्ट्यात शेतीशास्त्र शिकत होते आणि गदरच्या सुरुवातीच्या माणसांपैकी होते. थिंड यांचीही या मंडळींत ऊठबस होती. इंग्रजांच्या हेरांचं या सगळ्यांवर बारीक लक्ष होतं. त्याची किंमत थिंड यांना पुढे मोजावी लागली.

पहिलं महायुद्ध चालू असताना, जुलै १९१८ मध्ये, थिंड अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले. कॅम्प लुईस इथे ट्रेनिंग. डोक्यावर पगडी, अंगावर अमेरिकन युनिफॉर्म. ८ नोव्हेंबरला त्यांना अ‍ॅक्टिंग सार्जंट केलं. तीन दिवसांनी युद्धच संपलं. लढायला जायची वेळ आली नाही, पण डिस्चार्जच्या कागदावर वर्तणूक उत्कृष्ट असा शेरा मिळाला.

युद्धाच्या काळात अमेरिकेने परदेशी सैनिकांना झटपट नागरिकत्व द्यायचा कायदा केला होता. त्यानुसार ९ डिसेंबर १९१८ ला वॉशिंग्टन राज्यातल्या कोर्टाने थिंड यांना नागरिकत्व दिलं. चार दिवसांनी, १३ डिसेंबरला, ते रद्द झालं. कारण थिंड गोरे नव्हते. गंमत म्हणजे, थिंड यांना सैन्यातून सुट्टी मिळाली १६ डिसेंबरला. म्हणजे नागरिकत्व काढून घेतलं तेव्हा ते अजून अमेरिकेचे सैनिक होते.

गोरे असण्याचा आणि नागरिकत्वाचा काय संबंध?

अमेरिकेने १७९० साली नागरिकत्वाचा पहिला कायदा केला, त्यात बाहेरून आलेल्यांपैकी फक्त स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीलाच नागरिक होता येईल असं लिहिलं होतं. गुलामगिरी संपल्यावर, १८७० साली, त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर घातली गेली. झाले दोन दरवाजे. आशियातून आलेला माणूस या दोन्हींत बसत नव्हता.

पण गोरा म्हणजे कोण, हे कायद्यात कुठेच लिहिलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक कोर्ट आपापल्या परीने ठरवायचं. जॉर्जिया राज्यात अब्दुल डोला नावाचे कोलकात्याहून आलेले अफगाण व्यापारी होते. न्यायाधीशाने त्यांना बाही वर करायला लावून कातडीचा रंग बघितला आणि नागरिकत्व दिलं. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने १९१० साली गोरं ठरवलं. अक्षयकुमार मजुमदार यांना १९१३ मध्ये ते उच्चवर्णीय असल्याच्या आधारावर नागरिकत्व मिळालं. सीरियाच्या माणसाला एका गावात हो, दुसऱ्या गावात नाही. १८७८ ते १९५२ या काळात असे ५२ खटले झाल्याचं अभ्यासक सांगतात, आणि एक सोडला तर प्रत्येकात अर्जदाराने आपण गोरेच आहोत असं सांगितलं. आफ्रिकन वंशाच्या दरवाजाने जायला जवळपास कुणीच तयार नव्हतं. त्या दरवाजाने गेल्यावर अमेरिकेत कशी वागणूक मिळते हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

थिंड यांनी १९१९ मध्ये शेजारच्या ओरेगॉन राज्यात पुन्हा अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्याने विरोध केला आणि यावेळी गदरचा मुद्दाही काढला. थिंड यांनी कोर्टात सांगितलं की भारत भारतीयांचा असावा हे आपलं मत आहे, पण त्यासाठी सशस्त्र बंड करावं असं आपलं म्हणणं नाही. न्यायाधीश वुल्व्हर्टन यांना ते पटलं. १८ नोव्हेंबर १९२० ला दुसऱ्यांदा नागरिकत्व. सरकार अपिलात गेलं, आणि अपील कोर्टाने प्रश्न सुप्रीम कोर्टाकडे पाठवला. प्रश्न असा की, अमृतसरला जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा, उच्चवर्णीय हिंदू हा गोरा मानायचा का?

थिंड शीख होते. पण केसच्या कागदावर उच्चवर्णीय हिंदू.

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. सोशल मीडियावर थिंड यांची रील फिरते तेव्हा बऱ्याचदा हा भाग वगळलेला असतो.

त्याआधी, नोव्हेंबर १९२२ मध्ये, सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळला होता. ओझावा वीस वर्षं अमेरिकेत राहिलेले, तिथेच शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे. आपली कातडी बऱ्याच गोऱ्यांपेक्षा उजळ आहे, असाही त्यांचा मुद्दा होता. कोर्ट म्हणालं, रंगाचा प्रश्न नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही.

थिंड यांच्या बाजूला वाटलं, आपण जिंकलो. कारण त्या काळातले वंशशास्त्राचे पंडित उत्तर भारतीयांना कॉकेशियन आणि आर्य गटातच टाकत होते. त्यामुळे त्यांच्या बाजूने मांडणी अशी झाली की पंजाब ही आर्यांची भूमी, तिथली भाषा युरोपच्या भाषांची बहीण. आणि रक्त शुद्ध राहिलं याचा पुरावा काय? जातिव्यवस्था. जातीबाहेर लग्नच होत नाही म्हणून उच्चवर्णीयांचं रक्त भेसळीविना टिकलं. याही पुढे जाऊन असं मांडलं गेलं की लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूळनिवासींकडे त्याच नजरेने बघतो, ज्या नजरेने गोरा अमेरिकन काळ्या माणसाकडे बघतो.

म्हणजे, आम्हीही तुमच्यासारखाच भेदभाव करतो, तेव्हा आम्हाला तुमच्यात घ्या.

ज्या शीख पंथात लंगरच्या पंगतीत राजा आणि भिकारी एकत्र बसतात, त्या पंथाच्या माणसाच्या बाजूने हा युक्तिवाद झाला. वकिलांनी तेव्हा कायद्यात जी फट दिसली तिथून शिरायचा प्रयत्न केला, हे खरंय. कायदाच असा होता की तो चुकीचा आहे म्हणून उपयोग नव्हता, मी त्यात बसतो एवढंच सांगता येत होतं. तरीही वाचताना अंगावर काटा येतो.

इथे एक योगायोग आहे. थिंड सिएटलला उतरले त्याच जुलै १९१३ मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला, एक मराठी तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकायला आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ९ मे १९१६ ला त्यांनी तिथे भारतातल्या जातींवर आपला निबंध वाचला. त्यात त्यांनी म्हटलं होतं की भारतातले लोक आर्य, द्रविड, मंगोल, सिथियन अशा अनेक गटांच्या मिसळणीतून बनले आहेत, वंशाने एकजिनसी कुणीच नाही, आणि या सगळ्यांना जोडणारी गोष्ट संस्कृतीची आहे. शुद्ध रक्ताच्या दाव्याला उत्तर सात वर्षं आधीच अमेरिकेतच देऊन झालं होतं. ते अर्थातच कोर्टात कुणाला नको होतं.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला. सगळे न्यायाधीश एका बाजूला, थिंड हरले.

निकाल लिहिला न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. तीनच महिन्यांपूर्वी ओझावांचा निकालही त्यांनीच लिहिला होता. तेव्हा म्हणाले होते गोरा म्हणजे कॉकेशियन. आता म्हणाले, शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, कायद्यातला गोरा हा शब्द साध्या माणसाच्या भाषेतला आहे आणि साधा अमेरिकन माणूस भारतीयाला गोरा म्हणणार नाही. हजारो वर्षांपूर्वी पूर्वज एक असतील, पण आज फरक डोळ्यांना दिसतो. भाषा सारखी असल्याने वंश एक ठरत नाही. जातीच्या नियमांनीही रक्त शुद्ध राहिलेलं नाही. युरोपातून आलेल्यांची मुलं लवकरच मिसळून जातात, भारतीयांची मुलं वेगळीच दिसत राहतील. आम्ही श्रेष्ठ-कनिष्ठ म्हणत नाही, फक्त वेगळे म्हणतोय, असंही वर जोडलं.

म्हणजे ओझावांना शास्त्र दाखवलं आणि थिंड यांना व्यवहार. दोन्ही वेळा दार बंद.

हे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते. तान्हे असताना आईवडिलांसोबत अमेरिकेत आले. स्थलांतरितच, पण त्यांच्या गोरेपणाबद्दल कुणी कधी विचारलं नाही.

निकालात आणखी एक मुद्दा होता, तो आजच्या वादाच्या जवळचा आहे. १९१७ साली अमेरिकेने इमिग्रेशन कायद्यात आशियाच्या नकाशावर एक पट्टा आखला आणि त्यातल्या लोकांना यायलाच बंदी घातली. भारत त्या पट्ट्यात होता. कोर्टाचं म्हणणं असं की ज्यांना देशात येऊ द्यायचं नाही असं संसदेने ठरवलंय, त्यांना नागरिक करायची तिची इच्छा असेल कशी? थिंड बंदीच्या चार वर्षं आधी आले होते. तरी नंतरचा कायदा त्यांच्या विरोधात वापरला गेला.

निकालानंतर काय झालं?

सरकारने जुन्या फायली उघडल्या. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं अशा डझनावारी भारतीयांचं ते काढून घेतलं. मजुमदार यांचंही गेलं. कॅलिफोर्नियात नागरिक होण्यास अपात्र असलेल्यांना शेतजमीन घेता येत नव्हती, त्यामुळे निकालाबरोबर पंजाबी शेतकऱ्यांच्या जमिनीही धोक्यात आल्या. कुणी गोऱ्या ओळखीच्या माणसाच्या नावावर जमीन केली, तर कुणी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर. १९२२ च्या कायद्यानुसार अपात्र माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जायचं.

वैष्णोदास बगाई यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. पेशावरचे. १९१५ मध्ये बायको कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले. येताना स्वतःचे पैसे घेऊन आले होते, तिथे दुकान टाकलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. निकालानंतर नागरिकत्व गेलं, त्यापाठोपाठ मालमत्ताही. १९२८ मध्ये भारतात नातेवाइकांना भेटायला जायचं म्हणून पासपोर्ट मागितला, तर अमेरिकेने दिला नाही, इंग्रजांचा घ्या म्हणाले. ज्या इंग्रजांच्या राज्यातून सुटायला देश सोडला त्यांचाच. त्या वर्षी बगाई यांनी आत्महत्या केली. जाण्याआधी आपली कैफियत लिहून वर्तमानपत्राला पाठवली. कला बगाई मागे राहिल्या, मुलांना वाढवलं. बर्कली शहरात, आज एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

सरकारला थांबवलं ते थिंड यांच्याच वकिलाने. सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले आणि कॅलिफोर्नियात वकिली करणारे. थिंड यांची बाजू त्यांनी सुप्रीम कोर्टात लढवली होती. निकालानंतर सरकार त्यांच्याही नागरिकत्वावर उठलं. पंडितांनी यावेळी वंशाचा विषय बाजूला ठेवला. कोर्टाने सगळं तपासून मला नागरिक केलं, तेव्हा सरकारने अपील केलं नाही, त्या भरवशावर मी घर घेतलं, वकील झालो, संसार उभा केला, आता इतक्या वर्षांनी तुम्ही ते उलटवू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा. १९२६ मध्ये अपील कोर्टात ते जिंकले, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सरकारची बाजू ऐकायला नकार दिला, आणि सरकारने बाकीच्या भारतीयांविरुद्धच्या केसेस सोडून दिल्या. थिंड यांना याचा उपयोग नव्हता. त्यांची केस संपली होती.

१९२४ मध्ये आणखी कडक कायदा आला. नागरिक व्हायला अपात्र असलेल्या कुणालाही आता अमेरिकेत राहायला यायचं नाही. अपात्र कोण, हे ओझावा आणि थिंड निकालांनी ठरवूनच ठेवलं होतं. दोनच दिवसांनी, २८ मे १९२४ ला, बॉर्डर पेट्रोलची स्थापना झाली. आज मेक्सिकोच्या भिंतीच्या बातम्यांत जे हिरव्या गणवेशातले जवान दिसतात, ते हेच दल. आणि सरळ रस्ता बंद झाल्यावर माणसं काय करतात? १९२० आणि ३० च्या दशकात पंजाबी तरुण मेक्सिकोत उतरून चोरवाटेने सीमा ओलांडू लागले. आज ज्याला आपण डंकी रूट म्हणतो, तो रस्ता इतका जुना आहे.

थिंड मात्र अमेरिकेतच राहिले. त्यांना हद्दपार केलं गेलं नाही, पण ते कुठल्याच देशाचे धड नागरिक नव्हते. त्यांनी अध्यात्मावर व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. शीख गुरूंची शिकवण, जोडीला एमर्सन, व्हिटमन आणि थोरो. गावोगावी हॉल भाड्याने घ्यायचे, पगडी घालून उभे राहायचे आणि गोऱ्या श्रोत्यांना ध्यान आणि नाम समजावून सांगायचे. पुस्तकं लिहिली, शिष्य मिळाले. ज्या साध्या अमेरिकन माणसाचं नाव घेऊन कोर्टाने त्यांना बाहेर काढलं, तोच तिकीट काढून त्यांना ऐकायला येत होता.

१९३५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने पहिल्या महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्व द्यायचा कायदा केला. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यासाठी जोर लावला होता. १९३६ मध्ये थिंड यांनी न्यूयॉर्कला अर्ज केला आणि तिसऱ्यांदा नागरिक झाले. यावेळी ते टिकलं. पहिल्या अर्जाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. १९४० मध्ये त्यांनी व्हिव्हियन डेव्हिस यांच्याशी लग्न केलं.

बाकीच्या भारतीयांना आणखी दहा वर्षं थांबावं लागलं. २ जुलै १९४६ च्या कायद्याने भारतीय नागरिक होण्यास पात्र झाले, पण वर्षाला फक्त १०० जणांना यायची परवानगी. या कायद्याचा फायदा होऊन नागरिक झालेले दलिपसिंग सौंद १९५६ मध्ये अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले. तेही अमृतसर जिल्ह्याचेच. १९५२ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यातून वंशाची अट पूर्ण गेली. पण थिंड केसचा निकाल सुप्रीम कोर्टाने स्वतः कधीच रद्द केला नाही. संसदेने कायदा बदलला म्हणून तो निरुपयोगी झाला एवढंच.

देशनिहाय कोटा काढून टाकणारा मोठा इमिग्रेशन कायदा आला १९६५ मध्ये. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या पायथ्याशी बसून त्यावर सही केली. या कायद्यामुळेच पुढे भारतातले डॉक्टर, इंजिनिअर अमेरिकेत जाऊ लागले. त्यात आपलेही होते, १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहण्याइतके.

सहीची तारीख होती ३ ऑक्टोबर. त्या दिवशी भगतसिंग थिंड ७३ वर्षांचे झाले. १५ सप्टेंबर १९६७ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ते अमेरिकेचे नागरिक होते.